पांढरं जेवण

माझ्या दवाखान्यात एका पट्टीवर सोळा दात आहेत,
चिनीमातीचे, कुणाचेच नसलेले.
पेशंटच्या ओठापाशी धरून रंग जुळवते,
साडीवर मॅचिंग ब्लाऊज शोधावा तशी.
लॉर्ना वहीत लिहिते :
पुरसो वेळीप, वय एकावन्न, सी-फोर.
त्यापुढे पट्टी संपते.

"बावीस वर्सां ट्रक चलयलो, दोतोर."
खाणी चालू होत्या तेव्हा.
रिवण ते सावर्डे, जमतील तितक्या खेपा,
रांगेत चहा, रांग सुटली की चहा,
डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखू,
ती थुंकली की बिडी.
आता टॅक्सी. दाबोळीला उभा असतो.
गिऱ्हाईक आरशातून बघतं म्हणाला,
आणि सेल्फीत मलाही ओढतं.

कुडचड्याचे दात मला पाठ आहेत.
चहा तपकिरी, खालच्या दातांमागे दाट.
तंबाखू काळी, भेगेभेगेत जाऊन बसलेली.
विहिरीतलं लोखंड हिरडीलगत बारीक ओळ ओढतं,
काजळ घालावं तशी.
माझ्या खिडकीच्या काचेलाही तांबूस थर होता,
खाणी थांबल्या तेव्हा घासून काढला,
कोपऱ्यात अजून आहे.

हे सगळं बाहेरचं. बाहेरचं निघतं.
पाऊण तास खरवडलं.
नळीतून गेलेलं पाणी
कोऱ्या चहासारखंच दिसत होतं.

मग खालून ती रेघ वर आली.
समोरच्या दोन दातांवर, एकाच उंचीवर,
करडी, फूटपट्टी धरून आखल्यासारखी.
ही ट्रकने आणलेली नव्हे.
दात हिरडीत झाकलेला असतानाची आहे.
विचारलं, लहानपणी मोठा ताप आला होता?

आला होता. दोन वर्षांचा असेन म्हणाला.
आवयने पाठीला बांधून सांग्याला नेलं, चालत.
पिवळी कॅप्सूल, फोडून मधात.
किती दिवस? हात हलवून म्हणाला, खूप.

पोर वाचलं.
औषध कॅल्शियमला धरून
तिथंच राहिलं.

ओठ ताणायची प्लॅस्टिकची चौकट,
हिरड्यांवर लेप, दातांवर जेल, वर निळा दिवा,
पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन फेरे.
बोलता येत नाही. कळ आली तर हात वर करायचा.
त्याने एकदा केला,
मग लाजून खिशात घातला.

पुन्हा पट्टी. ए-थ्री.
म्हणजे माझाच रंग.
मी दिवसाला सहा चहा पिते,
मला कुणी विचारत नाही.

रेघ तशीच होती.
भोवतालचं उजळलं, म्हणून जास्तच होती.
आरसा दिला. त्याने तो खिडकीपाशी नेला,
उजेडात धरला, ओठ वर केला, खाली केला.
"आनी ही?"
ही धुऊन जायची नाही. वरून चकती बसवावी लागेल,
एका दाताचे नऊ हजार.
"सीझनाउपरांत," म्हणाला,
आणि तोंड मिटून पैसे मोजले.

कागदावर लिहून दिलं होतं :
दोन दिवस रंगाचं काही नको.
चहा नको, हळद नको, कोकम नको, हुमण नको.
पांढरं खा.

रात्री साडेनऊला फोन.
पुरसो नव्हे, म्हाताऱ्या बाईचा आवाज, पाठीमागे टीव्ही.
"हांव पुरसोची आवय. ताका कितें दिवचें?"
रेघेचं तो घरी बोललाच नव्हता.
मीही बोलले नाही.
म्हटलं, भात, दही, नारळाचा रस. पेज चालेल.
मासा? चालेल, उकडलेला, मसाला न लावता.
पलीकडे पेन्सिल शोधत असावी. तिने सगळं
एकदा माझ्याकडून, एकदा स्वतःशी म्हणून घेतलं,
किती वेळा, किती दिवस,
जेवणाआधी की नंतर.

"पेजेवांगडा लोणचें?"
नको.
"इल्लेंशें?"