फणी

सांगलीहून एनकोडर आला तेव्हा
खोक्यात एक कागद होता, कागदावर दोनच चौकोन:
एक हजार ऐंशी आय.
सातशे वीस पी.
एकावर खूण करा, कंपनीचा पोरगा म्हणाला,
मला अंधाराच्या आत खानापूर गाठायचंय.

विट्यात आमच्या अकराशे जोडण्या.
भागीदार नियामत म्हणाला, आय घे, ओळी जास्त.
गिऱ्हाईक आकडा विचारतं,
आत काय चाललंय ते कोण उसवून बघतंय.
मी खूण केली.

आय म्हणजे काय ते आप्पांना फार सांगावं लागलं नाही.
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
म्हटलं, आधी विषम ओळी जातात,
एक, तीन, पाच,
मग सम, दोन, चार, सहा,
सेकंदाला पन्नास खेपा, दर खेपेला अर्धंच चित्र.
उरलेलं डोळा विणून घेतो.
म्हणजे एक वई वर, एक वई खाली, मधनं धोटा?
तेवढंच.
आणि पी?
पीत सगळ्या ओळी एकदम. पण सूत जाडं.
आप्पांनी तंबाखू मळली, थुंकून आले,
मग म्हणाले, कापड पळत नसतंय रे.

सहा महिने काही पळालंच नाही.
नगरपालिकेची सभा.
डॉक्टर कुंभोजकरांचं मधुमेहावर व्याख्यान,
मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.
खालच्या पट्टीवर हळदीचे भाव, सुईनं कोरल्यासारखे.

मग भाळवणीचं मैदान.
शेवटची जोड, दीड लाखाची:
आळसंदचा उत्तम शिरतोडे,
लेंगऱ्याचा पोपट जानकर.
एकवीस मिनिटं नुसती खडाखडी.
माणसं धोतर झटकत उठायला लागली
आणि पोपटनं ढाक लावली.
उत्तम पडला, पडता पडता लाटेसारखा वळला,
पालथा झाला.
पाठ लागली का?
पंचाची शिट्टी तोंडातच राहिली.
निम्मं गाव आखाड्यात.

फेटेवाले चौघे आमच्या गाडीपाशी आले.
दाखव.
मी मागं नेलं. पुढं. मागं.
थांबवलं.

उत्तमचे दोन्ही खांदे मातीला.
कडांना दात फुटलेले, बारीक, सारखे,
मागाच्या फणीसारखे,
पण दोन्ही खांदे मातीला.
ह्यो बघा, एकजण म्हणाला,
आणि काचेवर बोट टेकवलं.
चित्र एवढं स्वच्छ की बोटाखालची ढेकळं दिसत होती.
हलगी वाजली. पोपट खांद्यावर गेला.
उत्तम गाडीच्या चाकाशी बसून
कानातली माती काढत होता.

रात्री ऑफिसात मी ते चित्र उसवलं.
विषम ओळी वेगळ्या, सम वेगळ्या.
विषममध्ये डावा खांदा टेकलेला, उजवा बोटभर वर.
सममध्ये उजवा टेकलेला,
डावा उठलाय, बोटभर.
मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग.
तेवढ्यात तो सुटला होता.
तेवढंच मी विणून टाकलं.

नियामतला दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, आता कुणाला सांगतोस,
बक्षीस वाटून झालंय, गाडी वळवून झालीय,
आणि मैदानवाले पुढच्या सालीही आपल्यालाच बोलावणार.
मी कुणाला सांगितलं नाही.
सकाळी फक्त खूण बदलली.

तक्रारी आल्या.
हळदीचा भाव सातचा का नऊचा कळत नाही.
डॉक्टरांनी स्वतः फोन केला.
चाळीस जोडण्या तुटल्या, त्या अजून तुटलेल्याच आहेत.

आळसंदची वसुली नियामत करायचा,
हल्ली मी जातो.
उत्तम म्हशीला पाणी दाखवत असतो,
ओल्या हातानं नोटा मोजून देतो.
परवा म्हणाला,
चित्र पहिल्यासारखं न्हाई ओ, पुसट येतंय.
होय, म्हटलं.
पहिलं लई झकास होतं बघा, तो म्हणाला,
आणि सुट्टे पंधरा रुपये परत घेतले नाहीत.