सीट सरकवायची नाही

तीस वर्षं मी पिओरियात
इंजिनं ऐकत आलो.
टेस्ट सेलच्या काचेशी डोळे मिटून सांगायचो
कितव्या सिलिंडरला ठोका आहे,
कुठलं बेअरिंग चार दिवसांत जाणार.
पोरं हसायची. मग उघडून बघायची.
मग नाही हसायची.

आता रिटायर झालोय, आणि कान
एकाच वाक्याला लावून बसतो :
'मी मजेत आहे, बाबा.'
आधी दीड सेकंदाची पोकळी.
मागे काहीतरी घरघरतं, जनरेटर असावा,
त्याला सर्व्हिसिंग हवंय एवढं कळतं.
तिच्या आवाजातलं कळत नाही.

कुठं आहेस, विचारायचं नाही.
पण परवा आमच्या दुपारी दोनला
ती 'झोपते आता' म्हणाली
आणि मी बेसमेंटमधून तिचाच शाळेतला ॲटलास काढून
पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली.
वर बर्फ आला, खाली वाळू,
मध्ये किती देश!
शुभदा जिना उतरायच्या आत खोडून टाकली,
तरी कागदावर वळ राहिलाच.

शुभदा पार्सल भरते.
आत काय आहे ते फॉर्मवर इंग्रजीत लिहायचं.
लाडू जमले. मेतकुटापाशी गाडी अडली.
'पिवळी पूड' लिहिलं तर
कुणीतरी कुत्रा आणून हुंगायला लावेल, म्हणते,
आणि हसता हसता
चिकटपट्टीचं टोक शोधत बसते,
बराच वेळ.

ट्रेनिंग संपलं त्या दिवशी मैदानावर
तिच्या छातीवर आमचं आडनाव होतं.
सार्जंटनं घैसासचं पार वाटोळं केलं,
आणि त्या चुकीच्या हाकेला
ती खाडकन टाच जुळवून उभी राहिली.
आम्ही पोक काढून हिशेब लिहिणारी माणसं.
सात पिढ्यांत इतकं ताठ
कुणी उभं राहिलेलं नाही.

मंडळाच्या गणपतीत विचारतात,
केतकी काय करते सध्या?
'आर्मीत आहे' म्हणताना माझी छाती अंमळ पुढे येते
आणि समोरच्याचा हात खांद्यावर येतो,
हॉस्पिटलबाहेर नातेवाइकाच्या खांद्यावर येतो तसा.
एखादी बाई हळूच म्हणते,
'तुम्ही जाऊ कसं दिलंत?'

कसं दिलं.
सिटिझनशिपच्या शपथेत एक वाक्य असतं,
शस्त्र उचलण्याचं.
दीडशे माणसं हात वर करून म्हणत होतो.
त्या वाक्याला मी नुसते ओठ हलवले.
आपल्याला कोण बोलावतंय, या वयात, या चष्म्यानिशी.
तिसऱ्या रांगेत सात वर्षांची केतकी
पाय झुलवत बसली होती.
तेवढ्या वाक्यापुरते
तिचे पाय थांबले होते.
हे मी शुभदालाही सांगितलेलं नाही.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दहाला
गावात वादळाचा भोंगा वाजवून बघतात.
शेजारचा ड्वेन गवत कापतच राहतो.
मी कप खाली ठेवतो
आणि भोंगा उतरेपर्यंत उचलत नाही.

दर रविवारी तिची गाडी
दहा मिनिटं चालू ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून.
सीट तिनं सोडली तिथंच आहे.
ती माझ्याहून वीतभर बुटकी,
माझे गुडघे स्टिअरिंगला भिडतात.
सरकवायची नाही.

उतरून बॉनेटला कान देतो.
बेल्ट ठीक. व्हॉल्व्ह ठीक.
कुठंच ठोका नाही.
दहाची पंधरा मिनिटं होतात.
गॅरेजच्या उघड्या दारातून दिसतं,
एक अनोळखी गाडी आमच्या घरापाशी हळू होते,
नंबर वाचते,
पुढे जाते.

मी अजून ऐकतोय.