मुका खांब

क्रोशात एक टाका असतो, मुका खांब.
साखळीनंतर शिकवतात तोच.
सुई घालायची, धागा ओढून घ्यायचा,
दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा.
संपलं.
उंची नाही त्याला. जाळीही पडत नाही त्याची.
नुसता धरून ठेवतो.

मला शिकवला मालननं, माझ्या थोरल्या जावेनं,
सत्त्याण्णव साली, लाईट गेलेल्या दुपारी,
गणपती पेठेत, दुकानाच्या वरच्या खोलीत.
खाली हळदीची पोती उतरत होती
आणि आमच्या पांढऱ्या दोऱ्याला
सगळा वास लागत होता, थोडा रंगही.

मग दुकानाची वाटणी झाली.
मग घरात भिंत आली, नऊ इंची.
मग अकरा वर्षं
मी तिच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.
तीन म्हणजे नेहमीचा भात.
सहा म्हणजे कोणीतरी आलंय,
आणि कोण आलंय ते आपल्याला कळणार नाही.

यंदा ऋतुजाला सातवा लागला.
मारुती रोडवरून लोकर आणली.
दुकानदार म्हणाला, गुलाबी की निळी ते ठरवा.
म्हटलं, ते ठरवणारे आपण कोण, नऊही रंग बांधा.
पस्तीस चौकोन हवेत, पाच आडवे, सात उभे.
वीस झाले आणि अंगठा सुजून बसला.

तिसऱ्या दिवशी पुतण्या दारात.
हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी.
"आईनं दिलंय," एवढंच,
आणि चप्पल न काढता माघारी.
आत चौकोन.
मोजले. पुन्हा मोजले.
पंधरा.
माझ्या अंगठ्याचं तिला कोण बोललं?
ऋतुजाच, दुसरं कोण. मोठीआई म्हणते तिला,
भिंतीच्या दोन्हीकडे फोन असतो पोरीचा.

एकाच्या मधोमध काळी लोकर होती.
बाळाच्या अंगावर काळं?
उठले तशी भिंतीपाशी गेले,
वाजवायला हातसुद्धा उचलला,
मग उजेडात नीट पाहिलं.
करंगळीच्या टोकाएवढा ठिपका.
तीट लावली होती बाईनं,
अजून न जन्मलेल्या लेकराला.

मालनला एक फेरी जास्त घ्यायची खोड, पहिल्यापासून.
कणीकही ती दोन पोळ्यांची जास्तच मळायची.
माझ्या कडेला अठरा टाके, तिच्या एकवीस.
जोडायचे कसे?
तिचे दोन टाके माझ्या एकात घ्यायचे,
असं तीनदा.
कुठे घेतले ते दिसता कामा नये.
सगळी जोडणी मुक्या खांबानं,
पिवळ्याला जांभळा, जांभळ्याला पोपटी,
रात्री सिरियलचा आवाज बंद करून.

अर्धं झालं तेव्हा गच्चीवर पसरून बघितलं.
मध्येच फुगत होतं, कडेला ओढत होतं.
पलीकडं ती सांडगे उलटत होती.
मान वर न करता म्हणाली,
"कोपऱ्यात तीन साखळ्या घ्यायच्या असत्यात.
दोनच घेतल्यास तू."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य
आणि त्यातही चूक माझीच.
मी म्हटलं, तुझेच मोठे झालेत.
ती म्हणाली, मग पोरगं काय तेवढंच राहणाराय?

पुढं काही बोललो नाही.
सांडग्यांवर कावळा आला, तो दोघींनी मिळून हाकलला.
रात्री मी बारा कोपरे उसवले.

मुलगी झाली, मंगळवारी, विश्रामबागच्या दवाखान्यात.
दुपट्यात गुंडाळून घरी आणली
आणि तासाभरात भिजवलं तिनं,
नेमका तिटेचा चौकोन.
धुतलं. पिळवत नाही इतकं जड झालंय.
दोरीला झेपेना म्हणून गच्चीच्या भिंतीवरच टाकलंय,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
दोन्हीकडे ठिबकतंय.

तिनं तिच्या बाजूला बादली लावली.
आवाज आला.