कच्चं पाणी

पाच फुटी टाकी लिफ्टमध्ये मावेना,
चौघांनी जिन्यानं चढवली तिसऱ्या मजल्यावर.
वॉचमन म्हणाला, भरल्यावर अर्धा टन होईल,
खालच्या मिसरी कुटुंबाला सांगितलंय का?

मुहर्रकचा जुलै. नळाला चहापुरतं कढत पाणी.
बादल्या भरून रात्रभर एसीखाली ठेवल्या.
गंमत बघ, विदुला,
इथे समुद्रातलं मीठ काढून नळाला गोडं पाणी सोडतात,
आणि मी मिठाची गोणी विकत आणून
त्याचा पुन्हा समुद्र करतोय,
खरा खिडकीतून दिसत असताना.

दुकानातला कोळिकोडचा अश्रफ बजावून गेला:
सहा आठवडे मासा सोडायचा नाही,
पाणी अजून कच्चं आहे.
फडक्यात गुंडाळून त्यानं जुन्या टाकीतले
चार दगड दिले, विरजणासारखे.

तेव्हापासून दिवा, पंप, बुडबुडे सगळं चालू
आणि आत कोणी नाही.
ड्यूटीवरून येतो, खुर्ची ओढतो, बघत बसतो.
काल काचेवर तपकिरी शेवाळ धरलं.
पुसलं नाही.

तुझे व्हिसाचे कागद अजून तिथेच अडकलेत.
येताना बारीक जाळीचं गाळणं आण,
इथलं फार भरड आहे.
मासे मग बघू.