नऊ भोपळे

मिरजेच्या मैदानावर फळा माझ्याकडे:
एक शिडी, एक खडू,
आणि साताऱ्याच्या रकान्यात
पुन्हा पुन्हा तोच गोल.

आपला रन एकच, तोही
त्यांच्या हातून निसटलेल्या चेंडूचा.

नवव्या डावात तिन्ही बेस भरले.
शमा मुलाणीनं तळवा पँटीला पुसला.
लीगचा पगार सुरू झाला तरी
सकाळी यार्डात हळदीची पोती शिवते ती;
चेंडूची शिवण
बोटांना न बघता सापडते.
फेकला.
बॅट फिरली, नुसत्या वाऱ्यात.

सगळं गाव आत धावलं.
मी वरच. खडू संपलेला,
शेवटचा भोपळा
नखानं कोरत होतो,

तर खालून, उजवा हात टॉवेलात,
डाव्यानं पायरी दाबून ती म्हणते,
"हलतीय काका. धरते, लिवा."