धाव

नंदगडच्या उतारावर, पत्र्याच्या शेडाबाहेर
भरमाण्णा चाकाला धाव चढवतोय.
शेणींचं गोल आळं, त्यात लाल होत आलेलं लोखंडी कडं.
दोन सांडशा : एक त्याची, एक पुतण्याची.
मी वही घेऊन बाभळीच्या ओंडक्यावर.

दारावर खडूनं 'सुतार'.
वीजबिलावर 'बडिगेर'.
थोरल्या भावाच्या रेशनकार्डावर तिसरंच काही.
"पोस्टमनला सगळं कळतंय की ओ."

मी बोट ठेवते, तो नाव सांगतो.
तुंबा. आरे. पुठ्ठे. आख. जू.
पुतण्या आईच्या माहेरचं मध्येच घालतो : गाली. नोग.
मी वाऱ्याचं नाव चाकाला देऊन बसते, तो हसतो :
गाळी म्हणजे वारा, बाई, गाली म्हणजे चाक.
एवढ्याशा ळ वर गाडी उडून गेली असती.

धुरानं डोळे भरतात,
वहीतले दोन रकाने एकमेकांत शिरतात.

मी सांगते : काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला
नुसत्या गवताचा मुलूख.
पाचेक हजार वर्षांमागं तिथली माणसं
गाड्या जुंपून निघाली, म्हणतात,
कुणी मावळतीला, कुणी फिरत फिरत इकडं,
आणि बोलणं गाडीतच राहिलं, उतरवायचं विसरून.
लिथुआनियात अजून आखाला अशिस म्हणतात,
जुवाला युंगस.

"युंगस."
भरमाण्णा तो शब्द गालात धरतो, सुपारीसारखा.
"आमच्या बैलाला चालंल.
पण पयला शब्द कुणी ऐकला?"

कुणीच नाही. मागून हिशेबानं लावलेला.
तसल्या शब्दाच्या आधी एक तारा काढतात.
मी काढून दाखवते : मध्यात मिळालेल्या सहा रेघा.
तो वही लांब धरतो, मग उलटी.
"आरे हायत.
पुठ्ठा न्हाई, धाव न्हाई.
ह्ये इथवर चाललं कसं?"

कसं ते मला धड माहीत नाही.
लग्नांतून. दुष्काळातून. काही ठिकाणी कुऱ्हाडीनं.
आणि वाटेत भेटलेल्यांनाही तोंडं होती,
तोंडात आयांनी घातलेलं काहीबाही होतं.
तूप कुणाकडून घेतलं, अडकित्ता कुणाचा,
अण्णा कुणाचा, अक्का कुणाची,
इथं विचारलं तर चहा मिळतो.
बेळगावात चौकात विचारलं तर शटरं खाली येतात.

"सर बाजूला."
कडं उचललं, बसवलं, वरून घणाचे घाव,
लाकडानं पेट घेतला, तोच घागर ओतली.
वाफेत दोघं दिसेनासे.
आत कुठंतरी आरे तुंब्यात सुतभर सरकले,
हाडं बसल्यासारखा आवाज.
"आता पन्नास वर्षं हलायचं न्हाई."

कुणाची गाडी?
"गाडी कुठली ओ. गोव्याच्या हॉटेलवाल्यानं मागवलंय.
भिंतीला टेकवून ठेवणार. लोक फोटो काढतात."

टेम्पो खाली रस्त्याला थांबलेला.
ढकलत नेताना उतारावर ते दोघांच्या हातून सुटलं,
कोंबड्या उधळत, नळाकडं,
पुतण्या मागून : हिडी, हिडी!
भरमाण्णा : धर, धर त्येला!
टेम्पोवाला कोकणीत कुणाच्या तरी आईला घेऊन.
मीही ओरडले काहीतरी, चप्पल टाकून धावता धावता.
काय ओरडले, ते वहीत नाही.