डबल पिवळा

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं मला शिकवलं,
सिग्नल नुसता पाहायचा नसतो, मोठ्यानं म्हणायचा असतो.
सहायक म्हणतो, "हिरवा." पायलट म्हणतो, "हिरवा."
दोघांच्या तोंडून आल्याशिवाय
तो दिसला असं धरत नाहीत.
डबल पिवळा म्हणजे जा, पण बेतानं.
एकच पिवळा म्हणजे पुढच्या खांबाशी थांबायच्या तयारीनं.

मी हसले होते. अजनीच्या क्वार्टरात
वरणावर सांबार टाकताना ओरडायचे, "हिरवा!"
आतून तो, "हिरवा!"

पौषात, बुटीबोरीच्या अलीकडे, रुळात कोणीतरी उभं होतं.
मला एवढंच ठाऊक. बाकीचं रामटेकेच्या बायकोकडून:
दुपट्टा होता डोक्याला, आणि त्यानं वळून पाहिलं.
यानं कागदावर सही केली, तीन दिवस घरी झोपला,
चौथ्या दिवशी कोळशाची गाडी घेऊन गेला.
"सगळ्याइले होते व," म्हणाला. "मी काय येगळा?"

मग संत्रं सोलायचा आणि खायचा नाही.
फोडी ताटात ओळीनं, शिरा काढून, अगदी स्वच्छ,
माशा बसेपर्यंत.
सावजीचा रस्सा पैजेवर पिणारा माणूस,
मटणाचं नाव काढलं की उठून अंगणात जायचा.
कुकरची शिट्टी झाली की डावी मूठ मांडीवर वळायची.
तनू पॅसेजमधून धावत आली एकदा,
तर असा ओरडला की तिला जागीच झालं,
आणि मग तोच तासभर मोरीत
नळ सोडून बसला.

मी म्हटलं, ऊन आहे. मी म्हटलं, ड्यूट्या आहेत,
चौदा-चौदा तास कोणाचं डोकं ठिकाणावर राहील.
सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.
तव्यावर त्या तडतडल्या
तेव्हा तो भिंतीला चिकटला होता.

मे महिन्यात एका दुपारी कूलरचा आवाज बदलला.
टाकी रिकामी, पंप चालूच.
वाळा कोरडाठाक, घरभर झळा,
आणि तो अगदी समोर बसलेला, घामानं निथळत.
त्याला ऐकू येत नव्हतं.
मी स्वयंपाकघरातून पळत येऊन बटण बंद केलं
आणि तिथंच उभी राहिले.

भरलेली मालगाडी ब्रेक मारल्यावरही किलोमीटरभर जाते,
हेही त्यानंच सांगितलेलं.
पौष, माघ, फाल्गुन. मी बोटांवर मोजलं.

रात्री अडीचला लॉबीतून कॉल आला.
अंधारात तो शर्टाची गुंडी लावत होता,
एकच गुंडी, परत परत.
दाराशी त्याची पेटी होती. मी तिच्यावर जाऊन बसले.
अशा वेळी काय बोलतात, मला कोणी शिकवलं नव्हतं.
शिकवलं होतं तेवढंच म्हणाले,
"डबल पिवळा."

यार्डात शंटिंग चालू होतं. डबा डब्यावर आदळला,
तो आवाज मला त्याच्या खांद्यांत दिसला.
"काय म्हणून राहिली व?"
"दिसून राहिला मला. केव्हाचा. तू म्हण."

तो खाली बसला, फरशीवर, बूट हातात घेऊन.
फोन एकदा वाजून थांबला.
"डबल नाही," तो म्हणाला. आवाज कुठून तरी खालून आला.
"एकच आहे."

"एकच पिवळा," मी म्हणाले, मोठ्यानं.
फोन पुन्हा वाजला तेव्हा
तो मी घेतला.